कडी आतून की बाहेरून?

गेल्या रविवारी दुपारी टीव्हीवर ‘दो आँखें बारह हाथ’ लागला होता. जेवणं आटोपून आम्ही सगळे बसलो होतो. सहा खुनी कैदी, एक जेलर आणि एक ओसाड माळ. माझी नात थोडा वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, “अज्जी, जेलु अंदरे गोडी इरतावल्ला? इथं भिंतच नाही. असं खरंच असतं का?”

आमच्या घरात असंच चालतं. प्रश्न कन्नडमध्ये सुरू होतो आणि मराठीत संपतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी याहून वेगळं नसेल. मी तिला म्हटलं, “असतं बाळा. आणि फार लांब नाही, आपल्या शेजारच्या आटपाडीत आहे.” तिला ते खरं वाटेना. मग मला माझ्या दादाची गोष्ट सांगावी लागली. तिला सांगितली तेव्हा बराचसा भाग गाळला. आज तुम्हाला सगळी सांगते.

माझं माहेर सौंसरचं. लग्न होऊन जतला आले तेव्हा इथल्या बायकांनी विचारलं, “माहेर कुठलं?” मी म्हटलं, “सौंसर.” त्या म्हणाल्या, “अगं सासर नव्हे, माहेर विचारतोय!” हा विनोद मी चाळीस वर्षं ऐकते आहे. सौंसर मध्य प्रदेशात, नागपूरहून छिंदवाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होतं, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे. पाट्या हिंदीत, घरात मराठी आणि वावरात संत्री. सीमेवरच्या माणसाचं जिणं मी माहेरहून शिकूनच आले होते, त्यामुळे इथं कन्नड शिकताना मला परकं वाटलं नाही.

दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. १९९८ सालच्या पावसाळ्यात धुऱ्यावरून भांडण झालं. आपल्याकडे ज्याला बांध म्हणतात त्याला तिकडे धुरा म्हणतात. हातभर जमिनीचा वाद होता. शेजारी शिवी देऊन अंगावर आला, दादाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता, आणि एकच फटका डोक्यावर बसला. तिसऱ्या दिवशी शेजारी दवाखान्यात गेला. त्याची बायको तेव्हा तिशीतली होती, पदरी दोन पोरं. हे आधीच सांगते, कारण पुढे मी दादाबद्दल बोलणार आहे, आणि माझं काळीज बहिणीचं आहे. ते तुम्ही लक्षात ठेवूनच वाचा.

खटला चालला. सदोष मनुष्यवध म्हणून सात वर्षं सक्तमजुरी झाली. चौदा महिने आत काढल्यावर अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली आणि दादा जामिनावर घरी आला. अपील मात्र वर्षामागून वर्षं पडून राहिलं. या काळात दादाच्या दोन मुलींची लग्नं झाली, संत्र्याची नवी कलमं लागली, ती फळाला आली. माणसाला वाटू लागतं, विसरले वाटतं आपल्याला. पण कागद विसरत नाही. २०१२ च्या जानेवारीत वकिलांचा फोन आला. अपील फेटाळलं होतं. अमुक तारखेच्या आत कोर्टात हजर व्हा आणि उरलेली शिक्षा भोगा.

मी तेव्हा माहेरी गेले होते. पोलीस येऊन माणसाला धरून नेतात ते मी सिनेमात पाहिलं होतं. पण माणूस स्वतः तारीख ठरवून, अंघोळ करून, जेवून जेलात जायला निघतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. तेरा वर्षांपूर्वीच्या रागाची शिक्षा भोगायला एक वेगळाच माणूस निघाला होता. केस पांढरे झालेले, रक्तदाबाची गोळी घेणारा.

त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. दादानं हिशेबाची वही वहिनीला समजावून सांगितली. मृग बहाराची संत्री झाडावर होती, ती कुणाला द्यायची, पाणी कोणत्या दिवशी फिरवायचं, सोसायटीचं किती राहिलं, सगळं. शनिवारी जामसावळीला जाऊन आला. तिथला मारुती झोपलेला आहे, तुम्ही ऐकलं असेल. परत आल्यावर वहिनीनं विचारलं, “काय मागतलं?” तर म्हणे, “काई नाही. देव झोपला होता, मी बी उठवलं नाही.”

वकिलांनी सांगितलं होतं, अंगठी, घड्याळ, मोबाईल घरी ठेवा, डॉक्टरची चिठ्ठी आणि गोळ्यांचं नाव लिहून सोबत घ्या. वहिनीनं तरी पिशवीत चिवडा भरला, तो दादानं काढून ठेवला. आत चौदा महिने राहिलेला माणूस होता, काय चालतं ते त्याला ठाऊक होतं. म्हणाला, “तवा मी कच्चा होतो, आता पक्का.” जेलात खटला चालू असलेल्याला कच्चा कैदी म्हणतात आणि शिक्षा लागलेल्याला पक्का कैदी. आंब्यासंत्र्यांत वाढलेल्या घरात हा शब्द ऐकून वहिनी एकदम रडायला लागली.

धाकट्या पुतण्यानं गाडी बोलवू का म्हणून विचारलं. दादा नको म्हणाला. “मले कोनी धरून नाही नेऊन राह्यलं. मीच जाऊन राह्यलो. पायी जाईन.” आमच्या घरापासून मोठ्या रस्त्याला जायला दोन वाटा आहेत. एक मागच्या बोळातून आणि दुसरी त्या शेजाऱ्याच्या दारावरून. तेरा वर्षं दादा मागच्या बोळानं जात आला होता. त्या दिवशी तो दारावरच्या वाटेनं गेला. खाली मान घालून, न थांबता. का, ते मी विचारलं नाही.

कोर्टात कागद झाले, वॉरंट निघालं आणि संध्याकाळी जेलच्या फाटकातून दादा आत गेला. जेलला एकामागे एक दोन दारं असतात आणि दोन्ही एका वेळी उघडत नाहीत. पहिलं बंद झालं की दुसरं उघडतं. मधल्या जागेत झडती होते, उंची मोजतात, अंगावरच्या खुणा लिहून घेतात. वहिनी बाहेर उभी होती. तिनं पहिलं दार बंद होताना ऐकलं आणि दुसरं उघडताना ऐकलं. ती म्हणाली, “बाई, त्या दोन आवाजांच्या मंधी मी म्हातारी झाली.”

मी जतला परतले आणि घरी हे सगळं सांगितलं. माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. शाळेत गेल्या नव्हत्या, पण सगळा मुलूख त्यांना पाठ. त्या म्हणाल्या, “आटपाडीला राजानं कैद्यांना शेतं दिली होती बघ. बायकापोरांसकट राहायचे. तुझ्या भावाला तिथं का पाठवत नाहीत?” आणि मग स्वतःशीच हसून, “आदरू, गोडी इल्लद जेलु एंथा जेलु?” भिंत नसलेलं जेल, ते कसलं जेल!

सासूबाईंचा राजा म्हणजे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे आणि चित्रं काढणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. १९३९ साली या राजानं दोन धाडसं केली. एक म्हणजे गांधीजींच्या सल्ल्यानं संस्थानाचा कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला. दुसरं म्हणजे आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची खुली वसाहत वसवली आणि तिचं नाव ठेवलं स्वतंत्रपूर. कैद्यांच्या गावाला असं नाव ठेवायलाही छाती लागते.

या दोन्ही कामांत एका परदेशी माणसाचा हात होता, आणि आपल्या कन्नड वाचकांना त्याचा अभिमान वाटायला हरकत नाही, कारण तो औंधला आला तो बेंगळूरहून. मॉरिस फ्रीडमन, पोलंडमधले ज्यू इंजिनिअर. म्हैसूर सरकारचा बेंगळूरमधला वीजसामानाचा कारखाना ते सांभाळत. पुढे भगवी वस्त्रं घेतली आणि भारतानंद झाले. मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेऊन जगापुढे ठेवणारे तेही हेच. कैद्यावर विश्वास टाकला तर तो पळत नाही, हा त्यांचा आग्रह होता.

पुढे हीच गोष्ट पडद्यावर आली. पटकथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, आणि गदिमा तर याच माणदेशातले, जन्म आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचा. व्ही. शांताराम यांनी १९५७ साली चित्रपट केला आणि १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. संस्थान गेलं, राजा गेला, स्वतंत्रपूर मात्र महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे राहिलं.

सासूबाईंचा प्रश्न मात्र मला सोडेना. दादाला तिथं का पाठवत नाहीत? मी एका वकील बाईंना विचारलं. त्यांनी समजावलं की आपल्याकडे शिक्षेच्या पहिल्या दिवशी कुणी खुल्या कारागृहात जात नाही. अमेरिकेत काही गुन्ह्यांत शिक्षा झालेल्याला तारीख देतात आणि तो स्वतः गाडीतून जाऊन कुंपण नसलेल्या छावणीत हजर होतो. आपल्याकडे आधी भिंतीआड काही वर्षं काढायची, वर्तन चांगलं ठेवायचं, रजेवर गेलं तर वेळेवर परत यायचं, मग तुमचं नाव निवडीसाठी पुढे जातं. म्हणजे विश्वास आधी कमवायचा आणि मग खुल्या हवेत जायचं.

दुसरी अडचण आपल्या ओळखीची आहे. तुरुंग हा राज्याचा विषय. येरवडा, पैठण, आणि अमरावती जिल्ह्यातलं मोर्शी इथं महाराष्ट्राची खुली कारागृहं आहेत. मोर्शी म्हणजे आमच्या पांढुर्ण्याच्या पलीकडे, वरूडच्या पुढे. तीच संत्री, तीच भाषा. पण मध्ये राज्याची शीव. कैदी मध्य प्रदेशचा, म्हणून भिंतही मध्य प्रदेशची. सीमेवरच्या माणसाला दाखला, शाळा, पेन्शन या सगळ्यात जे सोसावं लागतं, ते जेलातही चुकत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मध्य प्रदेशानं हा प्रयोग केला नाही असं मात्र नाही. एप्रिल १९७२ मध्ये चंबळच्या खोऱ्यातल्या जौरा इथं जयप्रकाश नारायण यांच्यासमोर मोहर सिंग, माधो सिंग यांच्यासारख्या नामचीन दरोडेखोरांनी बंदुका खाली ठेवल्या. त्या जौऱ्याच्या गांधी आश्रमाचे सुब्बराव, सगळे त्यांना भाईजी म्हणत, ते जन्मानं बेंगळूरचे. एक कन्नडिगा जाऊन चंबळमध्ये राहिला आणि दरोडेखोरांशी बोलला! त्यानंतर १९७३ साली मुंगावलीला अशा कैद्यांसाठी खुलं जेल उघडलं. अलीकडे २०१० साली नर्मदेकाठी होशंगाबादला, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, एक सुरू झालं. पण अशा ठिकाणी जागा मोजक्याच असतात. दादाचं नाव तिथवर पोहोचलं नाही. माफीचे दिवस वजा जाऊन तो २०१६ साली सुटला, सगळी वर्षं भिंतीआड काढून.

सुटल्यानंतरच्या हिवाळ्यात मी त्याला आणि वहिनीला जतला बोलावून घेतलं. दादा बोलायचा कमी झाला होता. रात्री उठून दाराशी जायचा, कडी हातानं चाचपायचा आणि परत येऊन पडायचा. एके दिवशी मी म्हटलं, “चल, तुला एक जागा दाखवते.” आम्ही आटपाडीला गेलो. आत जाण्याची परवानगी वगैरे काढली नव्हती, रस्त्याकडेला नुसते उभे राहिलो. पलीकडे एक माणूस पिकाला पाणी देत होता. एका घरापुढे दोरीवर लहान मुलाचे कपडे वाळत होते. बस, एवढंच.

दादा बराच वेळ बघत राहिला. पाणी देणाऱ्याचा बारा नीट धरला नाही म्हणून पुटपुटलाही. मग जवळून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्यानं विचारलं, “काका, यायची मानसं संगच राह्यतेत?”

“राहत्यात की. बायको-पोरं समदी.”

“अन रात्री दाराची कडी? बाहेरून लावतेत का आतून?”

म्हातारा हसला. “हजेरी हुती, पण घर त्येंचं हाय. कडी आतनंच लावायची न्हवं का?”

दादा काही बोलला नाही. वहिनीनं माझा हात धरला. परतताना गाडीत तो एवढंच म्हणाला, “आतून कडी लावायला भेटली असती, त म्या पळालो नसतो.”

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी एक प्रश्न विचारला. “तुझ्या भावाचं ठीक आहे. पण जो गेला त्याच्या बायकोला विचारलंस का, की खुनी माणसानं बायकोच्या हातचं जेवत शेतात राहावं का?” मला राग आला. रागाचं कारण असं की प्रश्न बरोबर होता.

पुढच्या वर्षी सौंसरला गेले तेव्हा त्या दारात गेले. तिनं मला ओळखलं, बस म्हणाली नाही, पण हाकललंही नाही. मी उभ्या उभ्या विचारलं. ती गहू निवडत होती. निवडता निवडताच बोलली.

“तो भितीत राह्यला काय अन वावरात राह्यला काय, माहा मानूस येत नाही. तो आत गेला, त्याच्या पायी माह्या पोराची फी भरल्या गेली नाही. त्यानं आत बसून काय केलं, चटया इनल्या. वावरात राबून चार पैसे माह्या पोरायले देल्ले असते त मी म्हटलं असतं, राह्य बापा वावरात.” थोडा वेळ थांबून ती पुढे म्हणाली, “जाच्या दिवशी तो माह्या दारावरून गेला. थांबला असता त मी तोंडावर दार लावलं असतं. पन मागच्या बोळानं नाही गेला, हे मले याद आहे.”

नंतर मला कळलं की तिच्या म्हणण्याला सर्वोच्च न्यायालयाचाही आधार आहे. १९९८ च्या एका निकालात न्यायालयानं सांगितलं की सक्तमजुरीच्या कैद्याला कामाची रास्त मजुरी द्यावी आणि त्यातला काही भाग ज्याचं नुकसान झालं त्याच्या कुटुंबासाठी बाजूला काढावा. त्याआधी १९९६ मध्ये बेंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहातल्या एका कैद्याच्या पत्रावरून रामामूर्ती खटला चालला, त्यात न्यायालयानं खुल्या कारागृहांची बाजू उचलून धरली. २०१८ मध्ये तर प्रत्येक जिल्ह्यात असं कारागृह करता येईल का, हे राज्यांनी तपासावं असं सांगितलं. जयपूरजवळच्या सांगानेरला १९६३ पासून कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा गावात कामाला जातात आणि हजेरीला परत येतात. कर्नाटकात देवनहळ्ळी तालुक्यात कोरमंगलला असं कारागृह आहे. म्हणजे वाट कधीच सापडली आहे. त्या वाटेनं चालणारे थोडे आहेत.

प्रत्येक गुन्हेगाराला शेतात सोडा असं मी म्हणत नाही. काही माणसांपुढे भिंत हवीच, आणि पोरीबाळींच्या घरात राहणाऱ्या आपण बायकांना हे कुणी सांगायला नको. पण जो माणूस बारा वर्षं जामिनावर घरी राहून, धुऱ्यापलीकडे पाऊल न टाकता, तारखेच्या दिवशी पायी चालत हजर होतो, त्याची परीक्षा अजून काय घ्यायची? तो कमावता राहिला असता तर तिच्या पोराची फी भरली गेली असती. भिंतीनं आमचं घर मोडलं आणि तिचंही सावरलं नाही.

कन्नडमध्ये खुल्या कारागृहाला ‘बयलु बंदीखाने’ म्हणतात. बयलु म्हणजे मोकळं रान. बयलाट आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पडदा नाही, छत नाही, मोकळ्यावर रात्रभर खेळ चालतो, आणि तरी राजाची भूमिका घेतलेला गडी पहाटेपर्यंत पळून जात नाही. सगळं गाव बघत असतं ना! मला वाटतं, स्वतंत्रपूरचं गुपित हेच असावं.

नातीला मी एवढं सगळं नाही सांगितलं. तिला म्हटलं, “भिंत नसली तरी जेल असतं गं. तिथं माणसाला स्वतःच रोज आत राहावं लागतं.” तिनं विचार केला आणि म्हणाली, “मग ते जास्त अवघड.”

सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, ताळिदवनु बाळियानु. सोशील तो तरेल. दादा आता सौंसरलाच असतो. बागेत जातो, संध्याकाळी परततो. रात्री उठणं कमी झालंय असं वहिनी सांगते. पण झोपण्याआधी कडी मात्र तोच लावतो, दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. आणि मोठ्या रस्त्याला जायचं झालं की आता तो दारावरच्याच वाटेनं जातो. ती कधी अंगणात असते, कधी नसते. दोघं अजून बोललेले नाहीत.